दार न वाजवता

मंगळवार, ४

सही डाव्या हाताने केली, कारण उजव्या हातात कानस होती आणि बेलिफासाठी ती खाली ठेवायची माझी इच्छा नव्हती. सही वेडीवाकडी आली. त्याने ती पाहिली आणि पोच घेऊन गेला. वाईसच्या पकडीत कुणाच्या तरी गॅरेजची किल्ली होती, तिचे दोन दात व्हायचे राहिले होते. ते आधी पुरे केले. मग कागद वाचला.

मनाई हुकूम. तात्पुरता. बायकोशी बोलायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाच्या हाती निरोप धाडायचा नाही आणि तीन पत्त्यांच्या आसपास फिरकायचं नाही. पहिला पत्ता तिच्या नव्या घराचा. दुसरा चष्म्याच्या दुकानाचा, जिथे ती लोकांचे डोळे तपासते. तिसरा पत्ता माझ्या ताईच्या घराचा आहे. टायपिस्टची चूक. कोर्टात रोज शेकडो कागद टाइप होत असतील, कुठला तरी पत्ता कुठे तरी जाऊन बसतो.

माझं नाव कागदात एकदाच आहे. पुढे सगळीकडे 'सामनेवाला'. चार वर्षं मी तिच्या शेजारी झोपलो. समोर कधी उभा राहिलो नाही.

महिनाअखेरीला सुनावणी आहे. हुकूम रद्द करायचा की कायम, ते तेव्हा ठरेल. कायम झाला तर कुलूप-किल्लीच्या कामाचा परवाना जमा करावा लागेल, असं शेवटच्या कलमात आहे. म्हणजे लोकांच्या दारांना हात लावायचा नाही. मला दुसरं काही येत नाही आणि शिकायची इच्छाही नाही.

बाबांनी कागद मागितला. काउंटरमागे बसून, चष्मा लावून, पूर्ण वाचला. चष्मा तिनेच करून दिलेला आहे. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि वर वजन म्हणून एक पितळी कुलूप ठेवलं. हात थरथरायला लागल्यापासून त्यांचं बोलणंही कमी झालंय.

मी लढणार आहे.


गुरुवार, ६

वकील बाई तरुण आहेत. त्यांच्या टेबलाचा खण नीट बसत नाही, बोलताना त्या गुडघ्याने तो आत ढकलत राहतात. मी म्हटलं, पट्टी वाकलीय, आत्ता सरळ करून देतो. त्या म्हणाल्या, नको. 'नको' फार पटकन म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं, रोज लिहा. घडलेलं तेवढंच, मनातलं नको. मंगळवारी सहज लिहायला घेतलेली ही वही म्हणून पुढे चालू.

तर घडलेलं असं. ती थंडीत गेली. भांडण झालं नव्हतं. एका रविवारी कपडे, पुस्तकं आणि वाचायचा दिवा घेऊन गेली. त्यानंतर मीही आमचं घर सोडून दुकानाच्या वर बाबांकडे राहायला आलो. तिचं नवं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली लाँड्री. मी एकदा जिना चढून गेलो, ती कामावर होती. दार पाहिलं. इतक्या चांगल्या लाकडी दाराला खेळण्यातलं कुलूप. केसातल्या आकड्याने उघडेल असं. घरमालकाने हात आखडता घेतलेला, दुसरं काय. हे मला दिसल्यावर मी गप्प बसायला हवं होतं का? रस्त्याने जाताना डॉक्टरला कुणाच्या मानेवर गाठ दिसली तर तो काय करतो?

पुढच्या आठवड्यात एका दुपारी पेटी घेऊन गेलो. जुनं काढलं, पाच लिव्हरचं बसवलं. चौकटीत नवी खाच कोरली. लाकडाचा भुसा झाडून पिशवीत भरून आणला, तिला साफसफाई नको म्हणून. खिडकीची कडी सैल होती, तीही आवळली. दोन किल्ल्या होत्या. दोन्ही लिफाफ्यात घालून चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवून आलो, नाहीतर ती घरात जाणार कशी? लिफाफ्यावर लिहिलं, 'आता निर्धास्त झोप.' माझ्याकडे एकही किल्ली ठेवली नाही.

दार बडवलं नाही. आरडाओरडा नाही. रात्री-अपरात्री फोन नाही. पलीकडच्या इमारतीत एक जण बायकोच्या माहेरी जाऊन खिडक्यांच्या काचा फोडून आला, त्याच्यावर कसलाही हुकूम नाही. माझ्यावर आहे.


शनिवार, ८

एका शाळेच्या बाईंकडे नवं कुलूप बसवलं. झाल्यावर तिन्ही किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या आणि बाजूला झालो. त्या म्हणाल्या, तुम्हीच एकदा फिरवून दाखवा ना, मला कुठे कळतं त्यातलं. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे पहिली किल्ली घरच्या माणसाने फिरवायची. त्या हसल्या, म्हणाल्या, हे व्रतच दिसतं. मग फिरवली. कुलपाने एकच आवाज केला, जसा करायला हवा तसा. त्यांनी पुन्हा फिरवली, पुन्हा उघडलं. मोठी माणसंसुद्धा दोन-तीनदा फिरवून पाहतात.

ही बाबांची पद्धत आहे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

समोरच्या घड्याळवाल्याला बातमी कळलीय. दुपारी दारात उभा राहून म्हणाला, "काय मास्टर, आता तुलाच कुलूप घातलं म्हणे." मी म्हटलं, तुझं घड्याळ बंद पडलं तर मी येऊन हसतो का? तो म्हणाला, माझी सगळीच बंद आहेत, तू रोज हसत जा. माणूस वाईट नाही.


मंगळवार, ११

कोर्टात द्यायचं लेखी म्हणणं तयार केलं. वकील बाईंनी विचारलं, आत कसे गेलात? म्हटलं, दारातून. मग म्हणाल्या, तिने बोलावलं होतं का? म्हटलं, बोलावलं असतं तर तिला कळलं असतं की कुलूप वाईट आहे, आणि ती घाबरली असती. तिला घाबरवायचं नव्हतं म्हणून तर तिच्या माघारी गेलो.

त्यांनी वही मागितली. पहिली तीन पानं वाचली. खण गुडघ्याने आत ढकलला.

"ही घरीच ठेवा," त्या म्हणाल्या.

"सगळं खरं आहे यात."

"म्हणूनच."

यांना खऱ्याची भीती वाटते. वकिलीचा धंदाच तसा.

एक गोष्ट त्यांना सांगितली नाही, कारण त्यांनी विचारली नाही. कुलूप बसवताना दाराची वरची बिजागरी कुरकुरत होती. त्या दिवशी पेटीत तेल नव्हतं. काम अर्धवट राहिलं की मला चैन पडत नाही, ती कुरकुर डोक्यात बसली. म्हणून दोन-अडीच आठवड्यांनी, हुकूम यायच्या कितीतरी आधी, पुन्हा गेलो आणि तेल घालून आलो. किल्ली नव्हती, पण माझंच कुलूप, मला किल्ली कशाला लागते. पाच मिनिटांचं काम. थोडा वेळ खुर्चीवर बसलो, तेल मुरेपर्यंत. घर तिने छान ठेवलंय. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती. टॉवेल कोरडाठाक. ओट्यावर कप नाही, बशी नाही. माझ्याबरोबर असताना इतकी टापटीप नव्हती.


शुक्रवार, १४

ताई आली. दुकानात आली, वर आली नाही. बाबांच्या शेजारच्या स्टुलावर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, तू माझ्याकडे फिरकला नाहीस ते बरं झालं. मी म्हटलं, अगं, तुझा पत्ता चुकून पडलाय त्यात, वकिलाला सांगून काढून घेतो. ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी जिन्यावरून पडलो की अशी बघायची, लागलंय की नाटक आहे ते ठरवायला.

"चुकून नाही पडला," ती म्हणाली. "ती माझ्याकडे झोपते. तू किल्ल्या ठेवून गेलास त्या रात्रीपासून."

मला आधी नीट कळलं नाही. त्या रात्रीपासून म्हणजे महिन्याच्या वर. ताईच्या घरी आतल्या खोलीत, मुलींच्या पलंगाशेजारी गादी टाकून. मी विचारलं, तिकडे झोपायला काय झालं, एवढं चांगलं कुलूप आहे. ताई म्हणाली, हेच तिने मला विचारलं होतं, म्हणाली, एवढं चांगलं कुलूप आहे, मग मला झोप का येत नाही.

मग ते कुलूप वायाच गेलं म्हणायचं.

ताई कुणाची बहीण आहे, हे तिला एकदा विचारायला हवं. विचारलंही. ती म्हणाली, तुझीच, म्हणून तर आले, नाहीतर थेट कोर्टात भेटले असते. कोर्टात येणार आहेस का विचारलं. म्हणाली, तिने बोलावलं तर येईन, तू बोलावलंस तरी येईन, आणि दोन्हीकडून तेच सांगेन. जाताना बाबांच्या शर्टाचं वरचं बटण लावून गेली. त्यांना ते हल्ली जमत नाही.

घरातलीच माणसं अशी उलटली की राग येत नाही, नुसता कामात जोर येतो. आज सात किल्ल्या घासल्या, एकही बाद गेली नाही.


रविवार, १६

दुकान बंद. बाबा जेवण झाल्यावर खिडकीशी बसले होते. मी पेपर वाचत होतो. त्यांनी मान न वळवता विचारलं,

"तिच्या दाराची पहिली किल्ली कुणी फिरवली?"

मी म्हटलं, ती घरात नव्हती. ते म्हणाले, ते मला माहीत आहे, मी विचारलं ते निराळं. म्हटलं, बोल्ट खाचेत बसतोय की नाही ते बघायला नको? कुणीतरी फिरवणारच. ते म्हणाले, हं.

एवढंच. 'हं.' थोड्या वेळाने त्यांना डुलकी लागली.

म्हाताऱ्या माणसांना वाटतं, नियम म्हणजे भिंत. नियम गिऱ्हाइकासाठी असतो. ती गिऱ्हाईक नव्हती.


शुक्रवार, २१

आज डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिचं जुनं कुलूप मी फेकलेलं नाही, टेबलाच्या खणात आहे. ते एका फळीच्या तुकड्यावर बसवलं. न्यायाधीशांसमोर फळी ठेवायची, तार घालायची आणि उघडून दाखवायचं. एका दमात कळेल की ती कशाच्या भरवशावर झोपत होती आणि मी काय केलं. शब्दांनी जे पटत नाही ते हातांनी पटतं.

घड्याळवाल्याला दाखवलं. मी तार घातली, मनगट थोडं वळवलं, उघडलं. तो म्हणाला, अरे देवा, माझ्या घरी असलंच आहे. पाहा. मग म्हणाला, पण मास्टर, तू इतका पटकन उघडू नकोस, जरा घाम गाळ. मी म्हटलं, नाटक मला जमत नाही.

वकील बाईंना सांगितलं नाही. त्या पुन्हा 'नको' म्हणाल्या असत्या.


मंगळवार, २५

शर्ट इस्त्रीला दिला. फळीला पॉलिश केलं. बाबा म्हणाले, मीही येतो. घरचा जिनाच ते कसाबसा चढतात, पण म्हणाले येतो, म्हणजे येणार.

हुकूम रद्द झाला की तिला काही बोलणार नाही. चार शब्द सुनवायचा मला हक्क आहे, तरी बोलणार नाही.


बुधवार, २६

दुपारीच घरी आलो. वकील बाई म्हणाल्या होत्या, हो आणि नाही एवढंच बोला. जे झालं ते क्रमाने लिहितो.

कोर्टाची खोली लहान होती, भिंतीला ओल आलेली. दाराला साधी कडी. न्यायाधीश बाई वयस्कर, आवाज हळू. ती डाव्या बाजूला बसली होती, शेजारी ताई. बारीक झालीय. माझ्याकडे पाहिलं नाही. बाबा मागच्या बाकावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून, थरथर दिसू नये म्हणून.

आधी ती बोलली. कपडे न्यायला म्हणून एका संध्याकाळी ताईकडून घरी गेली होती. म्हणाली, "तोवर वाटत होतं, किल्ल्या दिल्या, आता तो यायचा नाही. दार ढकललं आणि आवाजच आला नाही. ते दार रोज कुरकुरायचं. मी उंबऱ्यावरूनच धावत खाली आले." लाँड्रीवालीने तिला बसवून पाणी दिलं म्हणे. दुसऱ्या दिवशी तिने अर्ज केला.

म्हणजे अर्ज तेलामुळे झाला. मी ऐकत होतो आणि मला वाटलं, आता मी सांगितलं की सगळं स्पष्ट होईल.

माझी पाळी आल्यावर मी उभा राहिलो. म्हटलं, मी दार बडवलं नाही, धमकी दिली नाही, तिच्या अंगाला बोट लावलं नाही, हे तिनेही लिहिलेलं नाही. न्यायाधीश बाई म्हणाल्या, बरोबर, नाही लिहिलेलं. मग मी पिशवीतून फळी काढली. वकील बाईंनी माझी बाही धरली. मी ती सोडवली. फळी टेबलावर ठेवून सांगितलं, हे तिचं जुनं कुलूप, आणि तार घातली. माझा हात मुळीच हलला नाही. उघडलं.

न्यायाधीश बाईंनी फळी जवळ ओढली, कुलूप बंद केलं, पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, हे खरंच वाईट आहे. मी म्हटलं, तेच सांगतोय. त्या म्हणाल्या,

"तुम्ही बसवलेलं कुलूप असं उघडता येईल?"

"कुणालाही नाही."

"तुम्हाला?"

हो आणि नाही, एवढंच बोलायचं होतं. नाही म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं, शिवाय माझ्या कामाचा अपमान. मी म्हटलं, हो.

"उघडलं होतं?"

"तेल घालायला."

वकील बाईंनी फाईल मिटली. आवाज मोठा नव्हता, पण मला ऐकू आला.

मी पुढे सांगायचा प्रयत्न केला की किल्ली ठेवली नव्हती, की एका वस्तूला हात लावला नाही, फक्त बसलो. न्यायाधीश बाईंनी विचारलं, कुठे बसलात? मी म्हटलं, खुर्चीवर. त्यांनी लिहून घेतलं. मग तिला विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. ओरडली नाही, रडली नाही. डोळे तपासताना वापरते त्याच आवाजात म्हणाली,

"तू दार वाजवायला हवं होतंस. मला 'नको' म्हणता आलं असतं."

हुकूम कायम झाला. परवाना मी खिशातूनच काढून दिला. कारकुनाने नंबर पाहून घेतला आणि त्याला पिन टोचली.

मी काही चोरलं नाही. काही तोडलं नाही. शहरातल्या निम्म्या दारांपेक्षा चांगलं दार तिला करून दिलं. चार हजार वेळा म्हणायला लावलं तरी मी हेच म्हणेन.

परत येताना ताईने बाबांना रिक्षात बसवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवल्यासारखं केलं, पण ठेवला नाही.

आल्यावर बाबा वर आले नाहीत. पेटी मागितली. मी विचारलं, कशाला, तर म्हणाले, दे. गेली कित्येक वर्षं त्यांनी पेटीला हात लावलेला नाही. आता मी वर बसून हे लिहितोय आणि खालून छिन्नीचा आवाज येतोय. एक घाव, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा घाव. एक स्क्रू पडला. पुन्हा पडला. खाली जाऊन म्हटलं, मी करतो. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "तुझ्याकडे परवाना नाही."

चेष्टा केली असावी. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही.


गुरुवार, २७

सकाळी खाली गेलो. बाबा माझ्या आधी उठून गेले होते. दुकानाच्या दाराला नवं कुलूप आहे, पाच लिव्हरचं, तिच्या दाराला बसवलं तसलंच. जरा तिरकं बसलंय, खाच वेडीवाकडी कोरलीय, एक स्क्रू अर्धवट वर राहिलाय. आत दिवा होता. किल्ली मला दिलेली नाही. तार खिशात होती. घड्याळवाला समोरून बघत होता. मी दार वाजवलं. आतून बाबांनी विचारलं, कोण. म्हटलं, मी. ते म्हणाले, थांब. थांबलो.